दिवा काय सांगतो? घरच्या घरी अल्टरनेटर बदलण्याविषयी



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी कळवलं की, नजरचुकीने दुसऱ्याच कुणाच्या व्याख्यानाचं शीर्षक आमच्या नावापुढे छापलं गेलेलं दिसतं. तसं झालेलं नाही. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने मोटारीच्या अल्टरनेटरवर तासभर बोलायचं ठरवलं आहे, आणि ते थट्टेने नव्हे.

आपल्या न्यायशास्त्राने शतकानुशतकं एक प्रश्न चिवटपणे लावून धरला: खुणेवरून वस्तूपर्यंत जायचं कसं? डोंगरावर धूर दिसतो, आपण म्हणतो, तिथे अग्नी आहे. डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा दिसतो, आपण म्हणतो, अल्टरनेटर गेला. पहिलं अनुमान आणि दुसरं अनुमान सारख्याच मजबुतीचं आहे का? आपल्याला वाटतं, आहे. गॅरेजमध्येही पुष्कळदा तसंच गृहीत धरतात. आणि मग काही हजार रुपयांचा नवा अल्टरनेटर बसतो, आठ दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो, कारण मुळात बेल्ट घसरत होता. म्हणून आज पाना हातात घेण्याआधी पुष्कळ वेळ आपण नुसतं पाहण्यात आणि मोजण्यात घालवणार आहोत. प्रत्यक्ष बदलणं त्या मानाने सोपं आहे.

उदाहरण म्हणून जुनी मारुती ८०० समोर ठेवू. १९८३ साली ती रस्त्यावर आली आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरातली पहिली गाडी ठरली. बॉनेट उघडलं की आत हात जायला जागा आहे, रचना साधी आहे. शिकायला असंच यंत्र बरं.

आधी हे यंत्र करतं काय ते पाहू. गाडी सुरू करायला बॅटरी लागते; स्टार्टर एका दमात शंभरहून अधिक अँपिअर ओढतो. एकदा इंजिन चालू झालं की बॅटरीचं काम जवळपास संपतं. पुढे दिवे, वायपर, इग्निशन, हॉर्न हा सगळा संसार अल्टरनेटर चालवतो आणि बॅटरीने खर्च केलेलंही भरून देतो. तत्त्व फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलंच: तारेच्या गुंडाळीजवळचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की तारेत वीज निर्माण होते. अल्टरनेटरच्या आत मधोमध रोटर फिरतो. त्याच्या गुंडाळीला दोन छोट्या कार्बन ब्रशांतून थोडासा प्रवाह मिळतो, त्याने तो विद्युतचुंबक होतो. भोवतीचा स्टेटर स्थिर असतो, वीज तिथे तयार होते. ती मागे-पुढे होणारी असते. डायोडची पट्टी तिला एका दिशेला लावते आणि रेग्युलेटर व्होल्टेज आवरून धरतो. संपलं. रोटर, स्टेटर, ब्रश, डायोड, रेग्युलेटर आणि दोन बेअरिंग.

आपले जुने मिस्त्री याला अजून ‘डायनामो’ म्हणतात. डायनामो हे वेगळं यंत्र होतं. त्यात वीज फिरत्या भागात तयार होई आणि सगळा जड प्रवाह ब्रशांतून बाहेर काढावा लागे. इंजिन मंद चालत असेल तर चार्जिंग जवळपास नाहीच. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले तेव्हा अल्टरनेटर शक्य झाला. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत तो बसवला आणि पुढे त्याने डायनामोला हटवलं. नाव मात्र आपल्याकडे राहिलं. तसंच ‘फॅनबेल्ट’चं. मारुतीत पंखा विजेवर चालतो, हा बेल्ट पंख्याला शिवतही नाही; तो पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवतो. तरी दुकानात फॅनबेल्टच मागायचा, नाहीतर दुकानदार गोंधळतो.

नावं जुनी राहिली म्हणून काही बिघडत नाही. जुन्या युक्त्या राहिल्या की बिघडतं. एक युक्ती फार प्रचलित आहे: इंजिन चालू ठेवायचं, बॅटरीचा एक टर्मिनल काढायचा, गाडी बंद पडली तर डायनामो खराब, चालू राहिली तर चांगला. डायनामोच्या काळात हे खपून जात असे. अल्टरनेटरच्या गाडीत हे करू नका, कुणाला करू देऊ नका. बॅटरी ही नुसती साठवण नाही, व्होल्टेजचे धक्के पचवणारी गादीही आहे. ती गादी अचानक काढली की व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळू शकतं. डायोड जळतात, रेग्युलेटर जातो, नव्या गाडीत कॉम्प्युटरही जाऊ शकतो. म्हणजे निरोगी अल्टरनेटर तपासता तपासता मारायचा आणि वर म्हणायचं, बघा, खराबच होता!

आता थोडा हिशोब करू. अल्टरनेटर वाटेत बंद पडला तर बॅटरीवर किती वेळ निघेल? छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. समजा, पावसाळ्याची रात्र आहे आणि आपण कशेडी घाटात आहोत. ५५ वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे सुमारे ९ अँपिअर. मागचे दिवे, वायपर, काच पुसट होऊ नये म्हणून लावलेला ब्लोअर, इग्निशन हे सगळं धरून पंचवीसच्या आसपास जातं. कागदावर दीड तासाच्या आत खेळ संपतो. प्रत्यक्षात त्याआधीच, कारण बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत इग्निशन थांबत नाही आणि बॅटरी नवी असतेच असं नाही. दिवे आधी पिवळे पडतात, वायपर रेंगाळतो, मग इंजिन धक्के खातं. दुपारी, ब्लोअर आणि रेडिओ बंद ठेवून तीच गाडी त्याच्या दुप्पट वेळही जाऊ शकेल. म्हणून दिवा लागला की पहिलं काम अनावश्यक खर्च बंद करायचा, इंजिन बंद करायचं नाही आणि वस्ती गाठायची. एक अपवाद: बेल्टच तुटला असेल तर पाण्याचा पंपही थांबलेला असतो. तापमानाचा काटा चढू लागला तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद.

तर तो दिवा काय सांगतो? जुन्या रचनेत त्या बल्बच्या एका टोकाला किल्लीमार्गे बॅटरी आहे आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटर. दोन्हीकडे दाब सारखा असेल तर बल्बमधून प्रवाह जात नाही, तो विझलेला राहतो. सारखा नसेल तर पेटतो. म्हणजे दिवा एवढंच बोलतो की ‘दोन टोकं सारखी नाहीत’. का नाहीत, हे त्याला ठाऊक नाही. बेल्ट घसरतोय म्हणून, फ्यूज गेला म्हणून, कपलर ढिला आहे म्हणून, ब्रश झिजले म्हणून. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात: साध्य असतानाही जो हजर आणि साध्य नसतानाही हजर. अल्टरनेटर खराब असताना दिवा लागतो, चांगला असतानाही लागू शकतो. अशा हेतूवर निर्णय द्यायचा नसतो, पुढची तपासणी सुरू करायची असते.

याची दुसरी बाजू अधिक मजेची आहे. दिवा लागत नाही, म्हणजे सगळं ठीक? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात: टेबलावर घागर दिसत नाही, यावरून घागर नाही हे कळतं. पण ते एक अट घालतात. घागर असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घागर न दिसणं याला काही किंमत नाही. आपल्या दिव्याचंही तेच आहे. बल्बच उडाला असेल तर तो कधीच लागणार नाही. शिवाय अनेक जुन्या गाड्यांत रोटरला सुरुवातीचा प्रवाह त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर चार्ज करायला लागतच नाही आणि धोक्याचा दिवाही गप्प. म्हणून रोज इंजिन सुरू करण्याआधी किल्ली फिरवून एक क्षण थांबायचं आणि दिवा लागतो का ते पाहायचं. लागला आणि इंजिन चालू झाल्यावर विझला, तरच त्याच्या विझण्याला अर्थ आहे.

आता तपासणी. एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. पण मीटरच्या आधी डोळे आणि हात. इंजिन बंद करून, किल्ली काढून बेल्ट पाहा: चिरा, चमक आलेली आतली बाजू, तेलाचे डाग. अंगठ्याने मध्यभागी दाबा. साधारण एखादा सेंटिमीटर दबावा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पावसात किंवा हेडलाइट लावताच किंचाळी ऐकू येत असेल तर ती बहुधा घसरणाऱ्या बेल्टची. मग बॅटरीचे टर्मिनल. पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल, टर्मिनल हाताने हलत असेल, तर तिथेच थांबा. साफ करा, घट्ट करा आणि दोन दिवस गाडी चालवून पाहा. अल्टरनेटर गेला म्हणून आलेल्या किती गाड्या या १० नंबरच्या पान्याने बऱ्या होतात, हे कोणताही प्रामाणिक ऑटो इलेक्ट्रिशियन हसून सांगेल.

आता मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीला लावा. गाडी रात्रभर उभी असेल तर भरलेली बॅटरी सुमारे १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उपाशी. इंजिन सुरू करा, थोडी रेस द्या. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर अल्टरनेटर काम करतोय. हेडलाइट आणि ब्लोअर लावा. आकडा थोडा उतरून टिकला पाहिजे. बारा-साडेबारावरच बसून राहिला तर चार्जिंग नाही. १५ च्या वर चढला तर रेग्युलेटर बेलगाम झालाय. हे अधिक वाईट, कारण बॅटरी उकळते आणि दिवा गप्प राहू शकतो.

बॅटरीवर आकडा कमी आला, तरी लगेच निकाल देऊ नका. लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या बोल्टला लावा, काळं बॅटरीच्या निगेटिव्हला. तिथे १४.२ आणि बॅटरीवर १२.९? मग अल्टरनेटर निर्दोष आहे, दोष मधल्या तारेत किंवा तिच्या जोडात आहे. हे झालं व्यतिरेकाचं काम: एक कारण बाजूला काढून पाहायचं, परिणाम जातो का. तिथेही १२.४, बेल्ट ताणलेला, फ्यूज शाबूत, कपलर घट्ट, किल्लीवर दिवा लागतोय. आता मात्र बोट अल्टरनेटरकडेच जातं. मोजून चार-पाच मिनिटांचं काम आहे. (हशा) हसू नका, ही चार-पाच मिनिटं कुणी देत नाही म्हणून तर हे व्याख्यान आहे.

तर निर्णय झाला, बदलायचा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन थंड, किल्ली खिशात. पंखा विजेचा असल्यामुळे किल्ली लावलेली असेल तर तो आपणहून सुरू होऊ शकतो, हे लक्षात असू द्या. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

पहिलं काम बॅटरीचा निगेटिव्ह काढणं. इथे घाई करणारे लोक म्हणतात, किल्ली तर बंद आहे! अल्टरनेटरच्या मागची जाड तार किल्लीतून जात नाही, ती थेट बॅटरीला जोडलेली असते, सदैव जिवंत. तिचा नट सोडवताना पाना शेजारच्या लोखंडाला टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते, पाना तापतो, हात भाजतो. आणि निगेटिव्हच का? कारण सगळी बॉडी निगेटिव्ह आहे. निगेटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर काही होत नाही. पॉझिटिव्ह सोडवताना लागला तर शॉर्ट. काढलेली तार कापडात गुंडाळून बाजूला ठेवा, आपणहून परत टेकायला नको.

मग मोबाइलने दोन-तीन फोटो घ्या: कपलर कुठे, जाड तार कुठे, बेल्ट कुठून कसा गेलाय. कपलर काढताना खटका दाबून प्लास्टिकला धरून ओढा, तारांना धरून नव्हे. रबरी टोपी सारून जाड तारेचा नट काढा. जुन्या छोट्या गाडीत अल्टरनेटर एका लांब बोल्टवर झुलता असतो आणि दुसरा बोल्ट खाचेच्या पट्टीत ताणासाठी. आकार बहुतेक १२ आणि १४ नंबर. गंजलेला असेल तर आधी गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं चहा घ्या. जोर करून डोकं गोल झालं की तो बोल्ट काढणं हेच मोठं काम होऊन बसतं. दोन्ही बोल्ट ढिले केले की अल्टरनेटर इंजिनकडे ढकला, बेल्ट सैल होऊन उतरतो. मग बोल्ट पूर्ण काढताना दुसऱ्या हाताने वजन पेला. चार-पाच किलोचं धूड आहे. वॉशर कुठल्या बाजूला होता ते लक्षात ठेवा.

नवा लगेच बसवू नका. जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून पाहा. पुलीचा व्यास आणि खाचा, बोल्टांचे कान, कपलरच्या पिना, लिहिलेले अँपिअर. ‘तोच आहे साहेब’ हे शब्दप्रमाण आहे, आणि शब्दप्रमाणाला वक्ता आप्त लागतो. पाच मिनिटांच्या तुलनेला काही लागत नाही. पुली हाताने फिरवा. आवाज न करता सहज फिरली पाहिजे.

बसवताना क्रम उलटा. दोन्ही बोल्ट आधी हातानेच लावा, पाना नंतर. बेल्टवर चिरा होत्या तर आताच नवा घाला; याहून सोयीची वेळ पुन्हा येत नाही. मग अल्टरनेटर बाहेरच्या दिशेला ताणून खाचेचा बोल्ट आवळा. ताणण्यासाठी लाकडी दांडा वापरलात तर तो भक्कम धातूच्या भागावर टेकवा, मागच्या पातळ झाकणावर नाही. बेल्ट फार ताणू नका. सैल बेल्ट किंचाळून तक्रार तरी करतो, अति ताणलेला न बोलता अल्टरनेटरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग खातो. जाड तार, रबरी टोपी, कपलर, आणि सगळ्यात शेवटी बॅटरीचा निगेटिव्ह.

बॅटरी पार उतरली असेल तर ती आधी चार्जरवर भरून घ्या. रिकाम्या बॅटरीवर नवा अल्टरनेटर जोडून लांबचा प्रवास करायचा म्हणजे पहिल्याच दिवशी त्याला पूर्ण भाराखाली तापवायचं. आता किल्ली फिरवा: दिवा लागला पाहिजे. इंजिन सुरू: विझला पाहिजे. मीटर लावा: चौदाच्या आसपास. बेल्टच्या आवाजाकडे कान द्या, पण ओढणी, पदर, बाही बॉनेटमध्ये झुकू देऊ नका.

जुना अल्टरनेटर भंगारात टाकू नका. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, आणि तो हे धूड उघडून कार्बन ब्रश, बेअरिंग, डायोडची पट्टी वेगवेगळं बदलू शकतो. पुष्कळदा फक्त ब्रश झिजलेले असतात. आम्हाला विचाराल तर गाडी दोन दिवस उभी राहणं परवडत असेल, तर आधी दुरुस्ती आणि मगच नवा. पण दुरुस्तीनंतर तिथेच मीटर लावून आकडा पाहून घ्या. सगळे भाग बदलल्यावर तो ‘तोच’ अल्टरनेटर राहतो का, हा प्रश्न आज नको, एकेक सत्र त्यात गेलेलं आहे.

आता प्रश्नांपैकी दोन घेऊ.

एका ताईंनी विचारलं आहे की, आपण सगळं घरीच करायला लागलो तर मिस्त्रींच्या पोटावर पाय नाही का? ताई, आपण सगळं घरी करणार नाहीच. काही गाड्यांत अल्टरनेटर खालून काढावा लागतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. ते काम रॅम्प असलेल्या मिस्त्रीचंच. पण तुम्ही जाऊन ‘दिवा लागतोय’ असं सांगण्याऐवजी ‘बॅटरीवर १२.४ येतंय, अल्टरनेटरच्या बोल्टवरही तेवढंच, बेल्ट ठीक आहे’ असं सांगितलंत, तर चांगला मिस्त्री खूश होतो. त्याचा अर्धा तास वाचतो. नाराज होणारा कोण, ते तुम्हीच ओळखा.

दुसरा प्रश्न एका तरुण श्रोत्याचा. त्यांची गाडी अलीकडची आहे. चालू असताना मीटर कधी १२.८ दाखवतो, कधी १४.६. अल्टरनेटर बिघडला का? बहुधा नाही. आपण दिलेला १३.८ ते १४.५ हा नियम एका उपाधीवर उभा होता: रेग्युलेटर अल्टरनेटरच्या आतच असून तो एकच व्होल्टेज धरून ठेवतो. अनेक नव्या गाड्यांत इंजिनचा कॉम्प्युटर हे ठरवतो. बॅटरी भरलेली असली की इंधन वाचवायला चार्जिंग कमी करतो, ब्रेक लावताना वाढवतो. त्यासाठी बॅटरीच्या निगेटिव्हवर एक सेन्सरही बसवलेला असतो. तो असेल तर बॅटरी किंवा तिचा टर्मिनल काढण्याआधी पुस्तक वाचा. तुम्ही एवढंच करा: आकडा १२.८ वर असताना हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावा आणि मिनिटभर पाहा. आकडा चढला तर यंत्रणा जागी आहे. चढला नाही आणि दिवाही लागला, तर स्कॅनर असलेल्या ठिकाणी न्या आणि कोणता कोड आला ते कागदावर लिहून मागा.